गिरणारे रोडच्या दूधवाल्याची पक्कड माझ्याकडे राहिलीय

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका ताईंचं पत्र आलं होतं, की रविवारी सकाळी सहा वाजल्यापासून आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडला बाइकवाल्यांच्या झुंडी निघतात, सगळ्यांची झोपमोड करतात, आणि समोरून दुसरी झुंड आली की एकमेकांना असे हात दाखवतात जसे काय कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ. आवाजाबद्दल ताई बोलल्या ते शंभर टक्के खरं आहे, त्यावर पुढे लिहितोच. पण ते भाऊ वाचून मला हसू आलं हो. मी त्या झुंडीत पंचवीस वर्षं होतो आणि गेलं वर्षभर नाहीये. रस्ता तोच, रविवार तोच, माणूस तोच, हेल्मेट पण तेच निळं, फक्त बुडाखालची गाडी बदलली तर सगळे भाऊ एका रात्रीत परके झाले, म्हणून म्हटलं आपण पण चार ओळी लिहाव्यात. एक छोटं काम पण आहे, वर शीर्षकात टाकलंय ते, पण त्याला जरा मागची गोष्ट सांगावी लागेल.

माझी बुलेट १९९४ ची. ३५० स्टँडर्ड, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, चार गिअर, सेल्फ बिल्फ काही नाही. १९९८ ला देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड फौजी काकांकडून घेतली. ज्यांनी जुनी बुलेट चालवलीय त्यांना माहितीये, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, किक हळूहळू खाली नेत ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग खटका सोडून दणकून किक, आणि अंदाज चुकला तर किक अशी उलटी येते की पोटरी आठवडाभर निळी. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक कायमची बंद केली. तेवढ्यात मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची काळी स्प्लेंडर पार्किंगमधे धूळ खात पडली होती, ती मी काढली. गंमत बघा, स्प्लेंडर पण १९९४ लाच बाजारात आली, म्हणजे माझ्या बुलेटच्याच वयाची म्हणायची. पण ९७ सीसी. आणि इथंच सगळं अडलं ना.

पहिल्याच रविवारी कसाऱ्याला निघालो. इगतपुरी सोडलं, समोरून पाच सहा बुलेट आल्या, माझा डावा हात सवयीनं आपोआप वर गेला. एकाची पण मान हलली नाही. मला वाटलं उन्हामुळे दिसलं नसेल. मग पुढे बुलेटच्याच कंपनीच्या हिमालयन गाडीवाले तिघं, तेच. मग मी मुद्दाम मोजायला घेतलं, कसाऱ्याला जाऊन परत येईपर्यंत तीसेक जणांना हात दाखवला असेल, उत्तर फक्त एकाचं आलं, ते पण स्प्लेंडरवाल्याचं, आणि त्याला वाटलं मला काहीतरी पाहिजेय म्हणून बिचारा यू टर्न मारून मागं आला, "काय झालं काका, पेट्रोल संपलं का?" मी म्हटलं नाही रे बाबा, सहज हात केला. तो माझ्याकडे असा बघत गेला की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

आता मी काही धुतल्या तांदळाचा नाही, ते पण सांगून टाकतो. मी बुलेटवर होतो तेव्हा मी तरी कुठल्या स्प्लेंडरवाल्याला हात दाखवला होता? कधीच नाही. डोक्यातच यायचं नाही. आमची एक उतरंड ठरलेली असते आणि ती कोणी लिहून ठेवलेली नाही तरी सगळ्यांना पाठ असते. सगळ्यात वर दहा बारा लाखांच्या गाड्यावाले, ते फक्त त्यांच्यात त्यांच्यात. मग बुलेट, आणि बुलेटमधे पण परत वेगळीच भानगड, २००९ ला त्याच कंपनीची क्लासिक आली तेव्हा आम्ही कास्ट आयर्नवाले, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनवाले, नाक मुरडायचो की सेल्फ मारून चालू होते ती कसली बुलेट, डाव्या पायात गिअर आलाय म्हणजे ती आता काय फटफटी राहिली. मग २०१६ ला हिमालयन आली तर क्लासिकवाल्यांनी नाक मुरडलं. केटीएमची पोरं बुलेटला रोड रोलर म्हणतात, बुलेटवाले त्यांना मधमाश्या म्हणतात. पल्सरवाला मधे कुठंतरी लटकलेला, त्याला कोणीच आपलं म्हणत नाही, खरंतर २००१ ला पल्सर आली नसती तर आपल्याकडच्या निम्म्या पोरांनी शंभर सीसीच्या वर गाडी बघितली नसती. आणि या सगळ्यांच्या खाली शंभर सीसीवाले, स्कूटीवाले, एक्सएल मोपेडवाले. ते मोजण्यातच नाहीत. ते "ट्रॅफिक". आम्ही रायडर आणि ते ट्रॅफिक.

जुन्या काळी सगळं गोड होतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. टिंगल तेव्हा पण चालायची, आणि जबर चालायची. भद्रकालीत आमचा एक मेकॅनिक होता, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, त्यांच्या दुकानाबाहेर एका ॲम्बेसेडरचं काढलेलं मागचं सीट टाकलेलं असायचं, तेच आमचं बाकडं. त्या सीटवर येझदीवाला, यामाहा आरएक्सवाला, राजदूतवर दूध घालणारा, हिरो होंडा सीडी हंड्रेडवाला बँकेतला साहेब आणि बुलेटवाला मी, असे पाच जण एका कटिंगवर तासन् तास बसायचो कारण गाड्या आत खोललेल्या असायच्या, जाणार कुठं. येझदीवाल्याला म्हणायचं तुझ्या गाडीला एकच दांडी, तीच किक आणि तोच गिअर, कंपनीकडे लोखंड कमी पडलं का. तो माझ्या गाडीखाली बोट दाखवायचा, की बुलेट जिथं उभी राहते तिथं ऑईलची सही करून जाते. सीडी हंड्रेडला आम्ही शिलाई मशीन म्हणायचो आणि बँकेतले साहेब शांतपणे म्हणायचे, हो, पण मी इथं फक्त ऑईल बदलायला आलोय, तुम्ही काल पण इथंच होता ना? सगळे हसायचे. चाचा आतून पॉलिश पेपरनी प्लग घासत ओरडायचे की जरा कमी हसा, फीलर गेज (फट मोजायची पट्टी) सापडत नाहीये.

तर टिंगल होतीच, पण ती बाजूला बसलेल्याची व्हायची. आणि रात्री अकराला आडगावच्या पुढं आरएक्सचा प्लग गेला तर तोच येझदीवाला शर्टाच्या खिशातून जादा प्लग काढून द्यायचा. खिशात प्लग ठेवायची पद्धतच होती तेव्हा, पेन असावं तसा. गाड्या बंद पडायच्या म्हणून लोक थांबायचे, आज तुझी बंद पडली तर उद्या माझी पडणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असायचं. आता गाड्या बंदच पडत नाहीत हो. फ्युएल इंजेक्शन आलं, ट्यूबलेस टायर आले, चोक गेला, किक पण गेली. चांगलंच झालं, माझा गुडघा सांगेल तुम्हाला. पण त्याबरोबर ते बाकडं पण गेलं. आता प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं शोरूम, आत एसी, सोफा, कॉफीचं मशीन, काचेतून आपली गाडी धुतात ती बघायची, आणि सोफ्यावर शेजारी कोण तर आपल्याच गाडीवाला. त्यांचाच ग्रुप, त्यांचाच टी शर्ट, त्यांचीच रविवारची राइड आणि त्यांचीच मिसळ. दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलायची वेळच येत नाही. आणि जे बोलत नाहीत ते मग हात कशाला दाखवतील. हा माझा आपला अंदाज आहे, कोणाला वेगळं वाटत असेल तर लिहा.

आता पक्कडीची गोष्ट. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा पावसाळा, जुलै महिना, रविवार. मी एकटाच बुलेट घेऊन हरसूलला निघालो होतो. गंगापूर धरण, दुगाव, गिरणारे आणि पुढं वाघेरा घाट, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये पावसात तो रस्ता काय दिसतो ते. गिरणारे सोडून थोडा पुढं गेलो असेल, गिअर बदलायला क्लच दाबला आणि हातात एकदम हलकं हलकं लागलं, क्लचचा दांडा लुळा. क्लच वायर तुटली. हँडलजवळ, दांड्याच्या खाचेत वायरीचं जे शिशाचं गोळं बसतं ना, निप्पल, तेच निघून आलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. जादा वायर घरी टूलबॉक्समधे होती, मी रेनकोट शोधताना टूलबॉक्स बाहेर काढून ठेवला तो तिथंच राहिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. असंच असतं.

पाऊस भुरभुर. मी गाडीजवळ उभा. तेवढ्यात मागून सहा गाड्या आल्या, मोठ्या, ओळीनं, सगळ्यांचे दिवसाढवळ्या हेडलाईट चालू (२०१७ पासून नव्या गाड्यांना ते बंद करायचं बटणच नसतं), सगळ्यांना जॅकेट, गुडघ्याला ढोपराला कवच, हेल्मेटला इंटरकॉम. पहिल्यानं मला बघितलं, वेग थोडा कमी केला, अंगठा वर केला आणि गेला. दुसऱ्यानं पण अंगठा. तिसऱ्यानं पण. सहाच्या सहा जण बंद पडलेल्या गाडीशेजारी भिजत उभ्या माणसाला शाबासकी देऊन वाघेऱ्याच्या दिशेनं निघून गेले. मी इतका चिडलो म्हणून सांगू.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही काय केलं?" मी म्हटलं मी काय करणार, मी पण अंगठा वर केला. ती म्हणाली, "अहो ते विचारत असतील सगळं ठीक ना, आणि तुम्ही सांगितलं ठीक आहे." आता यावर काय बोलणार. पण खरंच आहे ते, तो अंगठा प्रश्न होता का नमस्कार होता हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि त्यांनाही माझा कळला नसणार. सवयीनं हात वर जातो माणसाचा. बाहेरच्या देशात म्हणे गाडीच्या मागं रस्त्यावर हेल्मेट ठेवलं की मदत हवीय असं समजतात. आपल्याकडे ठेवून बघा, हेल्मेट कोण घेऊन गेला ते शोधायला परत दुसरी मदत लागेल. म्हणून त्या सहा जणांवर माझा आता राग नाही. पण तरी, अंगठ्यानं विचारण्यापेक्षा गाडी थांबवून काच वर करून तोंडानं विचारलं असतं तर दहा सेकंदाचं काम होतं.

असो. पंधरा वीस मिनिटं गेली आणि नाशिककडूनच एक खडखडाट आला. जुनी स्प्लेंडर, मागं लोखंडी जाळी ठोकलेली, दोन्ही बाजूला दुधाच्या रिकाम्या किटल्या, त्या एकमेकांवर आपटतायत. चालवणारा चाळिशीचा, डोक्याला प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर टोपी. हेल्मेट नाही, ते चूकच आहे, पण आत्ता तो मुद्दा नाही. त्यानं हात दाखवला नाही, अंगठा दाखवला नाही, सरळ माझ्या पुढं गाडी लावली आणि उतरता उतरता विचारलं, "काय झालं वो भाऊ? मघाशी ते गेले ते तुमचेच ना, ते काय थांबले नाय?" मी म्हटलं नाही, माझे नाहीत ते. तर म्हणाला, "आसं व्हय. मला वाटलं तुमचेच, गाड्या सारख्याच दिसत्यात."

त्याला आमच्या गाड्या सारख्याच दिसत होत्या. माझी तीस वर्षांची कास्ट आयर्न आणि त्यांच्या पाच सहा लाखांच्या गाड्या. आम्ही वर बसून एवढ्या उतरंडी लावतो आणि खालून बघणाऱ्याला सगळे "मोठ्या गाडीवाले", विषय संपला.

त्यानं साईड पॅनल उघडलं, आतून एक फडकं काढलं, फडक्यात पक्कड, दहा नंबरचा पाना, आणि आगपेटी. आगपेटीत काड्या नाहीत, बारीक सारीक नट, स्प्रिंगा, आणि त्यात एक स्क्रूवाला निप्पल, म्हणजे वायर आरपार घालून वरून स्क्रू आवळायचा की झालं. म्हणाला, "लुनाच्या टायमाचा हाये, वडिलांची लुना व्हती." लुना म्हणजे नगरला बनायची ती, १९७२ पासूनची, ५० सीसीची. त्या लुनाचा निप्पल माझ्या ३५० बुलेटला. मी म्हटलं भाऊ हा टिकणार नाही, बुलेटचा क्लच जड असतो. त्यानं माझ्याकडे बघितलं पण नाही. आधी खाली गिअरबॉक्सजवळचं ॲडजस्टर पूर्ण सैल केलं, कारण टोक तुटल्यामुळे वायर इंचभर आखूड झाली होती, मग वर वायरीचं फुललेलं टोक दोन बोटांनी पीळ देऊन एकत्र केलं, थुंकी लावली, जशी सुईत ओवताना दोऱ्याला लावतात तशी, निप्पलमधून ओवली, दांड्याच्या खाचेत बसवली, मला वायर पक्कडीनं ताणून धरायला लावली आणि पाकिटातल्या एका नाण्यानं स्क्रू आवळला. स्क्रू ड्रायव्हर नव्हताच. दहा मिनिटं झाली नसतील. मग म्हणाला, "जड हाये ना, मंग दोनदाच दाबा. एकदा निघताना, एकदा घरी. मधी गिअर तसेच टाका, ॲक्सिलेटर सोडला की पडत्यात." मी शंभरची नोट काढली तर हात जोडून म्हणाला राहू द्या, पहिले गाडी चालू करा, मी बघतो चालू होते का. चालू झाल्यावरच तो हलला. किटल्यांचा आवाज लांबपर्यंत येत होता.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. आणि पक्कड माझ्या रेनकोटच्या खिशात राहिली, ते घरी आल्यावर कळलं.

याच्या उलट पण एक सांगतो नाहीतर तुम्ही म्हणाल काकांना फक्त साध्या गाडीवाले चांगले दिसतात. मला केटीएमच्या पोरांचा मनापासून राग होता. आहे थोडा अजून. चाकणला बनते, २०१२ ला त्यांची ड्यूक आली तेव्हापासून कॉलेज रोडला संध्याकाळी उभं राहून बघा, दोन सिग्नलच्या मधल्या शंभर मीटरात ही पोरं काय शर्यती लावतात. तर या दिवाळीच्या आधी बारदान फाट्याच्या पुढे माझ्या डोळ्यासमोर एक स्कूटीवाली बाई खडीवर घसरली. पुढं दळणाचा डबा, तो उघडून सगळं पीठ रस्त्यावर. मी स्प्लेंडर कडेला लावून स्टँडवर घेईपर्यंत मागून एक केशरी ड्यूक आली, त्या पोरानं गाडी बाईंच्या मागं तिरकी उभी केली, इंडिकेटर चालू ठेवला, म्हणजे मागून येणारी रिक्षा टेम्पो आधी त्याच्या गाडीला बघेल. मला सुचलं नव्हतं ते. मी गाडी सुरक्षित लावत होतो आणि तो गाडीची ढाल करत होता. पाठीवरच्या सॅकमधून बँडेज काढलं, बाईंना उठवण्याची कोणी घाई करत होतं त्याला म्हणाला, "थांबा, आधी त्यांना विचारा मान दुखतेय का." नशिबानं खरचटण्यावरच भागलं.

नंतर टपरीवर चहा घेतला आम्ही. मी म्हटलं तुम्ही पोरं गाड्या फार वेड्यासारख्या चालवता रे. तो म्हणाला, "हो काका, चालवतो कधी कधी." मग जरा थांबून म्हणाला, "पण काका आम्हाला पण कोणी हात दाखवत नाही. बुलेटवाले काका लोक तर नाहीच नाही. मागच्या महिन्यात सापुताऱ्याला चाललो होतो, वणीच्या पुढं एकांना हात केला तर त्यांनी तोंड फिरवलं." मी चहात बघत बसलो. तो मी नव्हतो, तेव्हा माझी बुलेट सुटलेली होती, पण दोन वर्षांपूर्वी मीच असतो.

मदत करण्यावरून आठवलं. बरेच लोक थांबत नाहीत ते गाडी बघून नाही तर पोलिसांच्या भीतीनं, की उगाच आपल्यालाच ठाण्यात बसवतील. तर मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १३४ अ कलम आलंय, जखमीला चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर दावा खटला होत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. १०८ ला फोन लावायचा आणि थांबायचं. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले, त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, हा सरकारचाच आकडा आहे. त्यात कोण किती सीसीवर होतं ते कोणी वेगळं मोजलेलं नाही.

आता ताईंचा आवाजाचा मुद्दा. ताई, आमच्याच लोकांची चूक आहे, मान्य. कंपनीचा सायलेन्सर काढून फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर लावायचा, हॉस्पिटलच्या समोरून जाताना मुद्दाम ॲक्सिलेटर सोडून फाडफाड करायचं, याला मी बुलेट चालवणं म्हणतच नाही. जुनी बुलेट धडधडते, पण ती कंपनीच्याच सायलेन्सरमधून धडधडते, आणि ती थोडी लांब गेली की विरून जाते. त्या फटाक्यांमुळे सगळ्याच बुलेटवाल्यांकडे लोक गुंडासारखे बघतात, आणि मग आम्हाला वाटतं की आमची जातच वेगळी, आमचे आम्ही. यात ग्रुपवाल्यांनी एक करावं, राइडला येताना फटाका लावून आलेल्याला सरळ परत पाठवावं. पोलीस पकडतील तेव्हा पकडतील.

बाकी सगळे दुचाकीवाले एकच आहेत हे आपल्याला आपसात कळत नसलं तरी सरकारला बरोबर कळतं. घोटीच्या टोलला कडेच्या त्या अरुंद गल्लीतून स्प्लेंडर पण जाते आणि बारा लाखाची पण, दोघांची हँडलं तिथंच घासतात. आपल्या इगतपुरीवरून समृद्धी गेलाय, ७०१ किलोमीटर, त्यावर दुचाकीला बंदीच, मग ती १०० सीसी असो नाहीतर १२०० सीसी, सगळे बाहेर. आणि २०२१ ला १५ ऑगस्टपासून आपल्या शहरात नो हेल्मेट नो पेट्रोल लागलं होतं आठवतंय का? त्या आठवड्यात माझं निळं हेल्मेट एका पंपावर चार जणांच्या डोक्यावर बसून आलं, त्यात एक स्कूटीवाल्या आजी होत्या, अंबाडा मावेना म्हणून त्यांनी नुसतं वर टेकवलं होतं. नियमात बसत नव्हतं ते, आणि मी पण देऊन चूकच केली, पण सगळे रांगेत खिदळत होते आणि कोणी कोणाला विचारलं नाही की तुझी गाडी कुठली.

आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालीत, रस्ते जागोजागी उकरलेत, खडी पडलीय, घसरणारे वाढणार आहेत आणि पंक्चरवाले पण. एवढंच म्हणणं आहे की कडेला कोणी दुचाकीवाला उभा दिसला तर वेग कमी करा, थांबा आणि तोंडानं विचारा. ते हात दाखवायचं नंतर बघू. तो लघवीला थांबलेला निघाला तर तो लाजेल, तुम्ही पण लाजाल, त्यापेक्षा जास्त नुकसान नाही.

तर काम असं आहे. पक्कड लाल दांड्यांची आहे, एका दांड्याला सायकलची काळी ट्यूब गुंडाळलीय आणि जबड्यावर एका बाजूला खड्डा पडलाय, चालू वायर कापताना पडतो तसा. मी दोन रविवार गिरणाऱ्याला जाऊन विचारलं, जुनी स्प्लेंडर, मागं जाळी, दोन किटल्या. टपरीवाला म्हणाला, "काका, असे इथं चाळीस आहेत, तुम्हाला कुठला पाहिजे?" मी म्हटलं ज्याच्या आगपेटीत नट असतात तो. तो म्हणाला, "तसे मग वीस असतील." तिथं तुमचा पेपर येतो, टपरीवर वाचतात, म्हणून हे पत्र. त्या भाऊंनी वाचलं किंवा कोणी वाचून दाखवलं तर मी दर रविवारी सकाळी साडेसात ते साडेआठ त्याच टपरीवर असतो, काळी स्प्लेंडर, निळं हेल्मेट. पक्कड धुवून तेल लावून ठेवलीय, सोबत स्प्लेंडरची एक नवी क्लच वायर आणि एक हेल्मेट आहे. स्क्रूवाला निप्पल मात्र परत मिळणार नाही. बुलेट आता पुतण्या चालवतो, नवी वायर आणून ठेवलीय तरी तो ती टाकत नाही, निप्पल अजून तोच आहे आणि चाललाय.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक